रानाची खोली

भाद्रपद उतरणीला लागलेला असतो, पूर्वा नक्षत्राचा पाऊस उघडून उत्तरा लागलेली असते, आणि सोलापूर जिल्ह्यातील काळ्या रानात वाफसा येण्याची वाट पाहत शेतकरी पाभरीचे फण तपाशीत असतो. अशा वेळी त्या रानात उभ्या असलेल्या परक्या माणसाला, तुमच्या पायाखाली एका पुऱ्या हंगामाचे पाणी साठवलेले आहे, असे सांगितले तर ते खरे वाटणार नाही. जवळ विहीर नाही, पाट नाही, आणि पुढल्या चार महिन्यांत हस्ताच्या एखाद-दुसऱ्या सरीखेरीज आभाळाकडूनही फारशी आशा नाही. तरीही माघाच्या सुमारास याच जागी माणसाच्या डोक्यावरून जाणारी ज्वारी उभी राहते, कणसात दाणा भरते, आणि हे सारे ती मातीच्या पोटातील ओलीवर करते.

विद्यापीठांनी समाजाला काय दिले, या सूत्राभोवती यंदाचा अंक गुंफण्याचा संपादकांचा विचार होता आणि कृषी विद्यापीठांचा वाटा त्यांनी माझ्याकडे सोपविला. राज्यात अशी चार विद्यापीठे आहेत. राहुरीचे १९६८ साली स्थापन झाले, अकोल्याचे त्याच्या पुढल्या वर्षी, परभणी आणि दापोली येथील १९७२ साली. चौघांच्या कार्याचा आढावा घेऊ लागलो असतो तर वाणांच्या, अवजारांच्या आणि शिफारशींच्या याद्याच हाती आल्या असत्या, आणि तसल्या याद्या विद्यापीठे स्वतःच दरवर्षी छापतात. म्हणून मी एकच पीक निवडले, रब्बी ज्वारी, आणि एकच मुलूख, सोलापूर. ज्या पिकाच्या पाठीशी साखर कारखाना नाही, ज्याला परदेशची पेठ नाही आणि ज्याच्या बियाण्यात खासगी कंपन्यांना फारसे स्वारस्य नाही, त्या पिकाच्या बाबतीत सरकारी संशोधन नसते तर काय झाले असते, हा प्रश्न अधिक स्वच्छपणे विचारता येतो.

गिरमिटाने घेतलेली जबानी

पेरणीपूर्वीच्या त्या धांदलीत एक तरुण शास्त्रज्ञ आणि त्यांचा मदतनीस साठी उलटलेल्या एका शेतकऱ्याच्या रानात लोखंडी गिरमिट फिरवीत होते. मूठ धरून पीळ द्यायचा, वीतभर आत गेले की वर काढायचे, पात्यात अडकलेली माती ॲल्युमिनियमच्या डबीत भरून झाकण लावायचे, डबीवर क्रमांक घालायचा, आणि त्याच भोकात गिरमिट पुन्हा खाली सोडायचे. या डब्या प्रयोगशाळेत नेऊन माती ओली असतानाच तोलतात, मग १०५ अंश सेल्सिअसच्या भट्टीत अहोरात्र ठेवून पुन्हा तोलतात. दोन वजनांमधला जो फरक तेच त्या थरातील पाणी. याहून झटपट मोजणारी विद्युत उपकरणे आता निघाली आहेत, परंतु त्या उपकरणांची परीक्षाही अखेर याच भट्टीच्या निकालावरून होते.

म्हाताऱ्याला हा सारा व्याप अनावश्यक वाटत होता. "रान बापजाद्याचं हाय. किती खोल हाय ते मला ठाव न्हाई व्हय?" असे तो म्हणाला. "तुम्हाला ठाऊक आहे अण्णा, पण आम्हाला ते कागदावर पाहिजे," असे शास्त्रज्ञांनी हसून उत्तर दिले आणि ते ओढ्याकडच्या कोपऱ्यात गेले. तेथे दोन वितींच्या आतच गिरमिट करकरले. खाली मुरूम लागला होता. म्हातारा काही वेळ त्या भोकाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "हितं कणसं भरत न्हाईत. दर साली दाणा बारीक पडतो. आमी म्हणायचो, बी वंगाळ लागलं."

सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधनाचे सार त्या करकरण्यात आहे, असे मला वाटते. पाऊस सगळ्या शिवारावर सारखाच पडतो, पण तो साठविण्याची ऐपत मातीच्या खोलीवर ठरते. मीटरभर खोल भारी काळ्या जमिनीत पिकाच्या मुळांना उपसता येईल असे पाणी सुमारे दीडशे मिलिमीटर राहते. हातभर खोल जमिनीत त्याच्या निम्म्याहूनही कमी. मग एकच बी सगळीकडे पेरून भागेल कसे? म्हणून शिफारशी खोलीवर बेतल्या गेल्या. वीतभर जमिनीत हुलगा-मटकी घ्यावी, हातभर जमिनीत बाजरी, सूर्यफूल, तूर, आणि दोन हातांच्या रानात ज्वारी, करडई, हरभरा. परंतु घरच्या भाकरीसाठी आणि दावणीच्या जनावरांसाठी शेतकरी हलक्या रानातही ज्वारी घेतोच, हे जाणून राहुरीच्या विद्यापीठाने ज्वारीचे वाणही खोलीनुसार वाटून दिले. हलक्या जमिनीसाठी लवकर पक्व होणारी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, खोल जमिनीसाठी फुले वसुधा आणि फुले यशोदा, आणि एखाद-दुसरे पाणी देता येत असेल तेथे फुले रेवती. ओढ्याकडच्या त्या कोपऱ्यासाठी अनुराधेची तजवीज झाली. उरलेल्या रानात मात्र म्हाताऱ्याने आपली मालदांडीच पेरली, आणि तिच्याविरुद्ध शास्त्रज्ञांनीही अवाक्षर काढले नाही.

दुष्काळाच्या दप्तरातून

हे संशोधन दुष्काळाच्या पोटी जन्मले आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खनची जी दुर्दशा केली तिची वर्णने सरकारी दप्तरांत विपुल आहेत, परंतु उपायाचा विचार त्या दप्तरांत पुष्कळ उशिरा शिरला. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ च्या सुमारास लिहिला, त्यात पलटणीतल्या आणि पोलीस खात्यातल्या रिकाम्या माणसांकडून ठिकठिकाणी बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतांत मुरेल, अशी सूचना केलेली आढळते. पुढे राहुरीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले, हा योग औचित्याचाच म्हणायचा.

मुंबई इलाख्यात कोरडवाहू शेतीचे पद्धतशीर प्रयोग पुण्याजवळ मांजरी येथे १९२३ साली सुरू झाले. तेथील अनुभवाच्या पायावर १९३३ साली सोलापूरचे केंद्र उभे राहिले, तेव्हाच्या इंपीरियल कृषी संशोधन परिषदेच्या साहाय्याने. या कार्यात ना. वि. कानिटकर यांचे नाव अग्रभागी येते. त्यांच्या प्रयोगांतून जी रीत सिद्ध झाली ती मुंबईची कोरडवाहू पद्धत म्हणून पुढे देशभर ओळखली गेली. बांध घालावेत, नांगरट दर साल न करता दोन-तीन वर्षांनी एकदा खोल करावी, शेणखत घालावे, बी कमी वापरून ओळींतील अंतर वाढवावे, आणि पीक उभे असता वारंवार कोळपावे, असा तिचा आशय. वाचणाऱ्याला यात नवे ते काय असे वाटेल. नवेपण बी कमी करण्यात होते. दुष्काळाच्या धाकाने शेतकरी दाट पेरीत असे, काही मेले तरी काही उरेल या हिशेबाने; आणि दाट पेरलेले पीक पौषातच सारी ओल पिऊन टाकून फुलोऱ्याच्या वेळी माना टाकीत असे. हेक्टरी दहा किलो बी आणि ओळींत दीड फूट अंतर, हा आज सर्वमान्य झालेला शिरस्ता आहे. ओल चार महिन्यांत पुरवून पुरवून खर्च व्हावी, ही त्यामागची दृष्टी.

मालदांडीची सत्ता

मोहोळ हे सोलापूर-पुणे रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. तेथील संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून एम ३५-१ हा वाण काढण्यात आला, आणि आज जवळजवळ नव्वद वर्षांनंतरही दख्खनच्या पठारावर रब्बी ज्वारीची मोजदाद त्याच्यापासून सुरू होते. निवड पद्धतीचे काम दिसायला सोपे असते. शेतकऱ्यांच्या रानांतून उत्तम कणसे आणायची, प्रत्येक कणसाचे दाणे वेगळ्या ओळीत पेरायचे, ओळीओळींची तुलना करायची, आणि निर्दयपणे नापास करीत जायचे. परंतु ज्या रानांतून ती कणसे आली त्या रानांत पिढ्यान्‌पिढ्या बियाण्याची कणसे खळ्यावर हाताने वेचून बाजूला ठेवणाऱ्या बायका होत्या, आणि त्यांची पारख या वाणात आधीच उतरलेली होती. शास्त्राने तिला शिस्त लावली.

संकरित ज्वारीने खरिपात मोठा चमत्कार केला. १९६४ साली आलेल्या सीएसएच-१ पासून ठेंगणी, भरघोस कणसांची ज्वारी राज्यभर पसरली. रब्बीत मात्र मालदांडीच्या सत्तेला धक्का लागला नाही. खोडमाशी, पाण्याचा ताण आणि थंडी यांपुढे संकरित वाण टिकेनात. आणि जे टिकले त्यांच्या दाण्याला भाकरीची चव नव्हती व ताटाला कडब्याची लांबी नव्हती. ज्याच्या दावणीला खिलारी बैलांची जोडी आहे त्याला ठेंगणी ज्वारी निम्मे पीक वाटते. उन्हाळ्यात शेकडा पेंढ्यांचा भाव चढला की कडबा दाण्याच्या बरोबरीने घर चालवतो. ही गोष्ट शास्त्रज्ञांनी लक्षात घेतली, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. वाणाची चाचणी घेताना धान्याच्या उताऱ्याशेजारी कडब्याच्या उताऱ्याचा रकाना असतो, आणि दाण्याची चकाकी, भाकरीची चव यांचीही परीक्षा होते. त्याच्याही पुढे जाऊन हुरड्यासाठी फुले उत्तरा आणि फुले मधुर, लाह्यांसाठी फुले पंचमी, पापडासाठी फुले रोहिणी असे वाण निघाले, तेव्हा प्रयोगशाळेने स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडला असे म्हणावे लागेल.

केंद्र सरकार किमान आधारभूत किंमत जाहीर करते तेव्हा ज्वारीच्या दोन नोंदी असतात, एक संकरित आणि दुसरी मालदांडी. दामाजीपंतांच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या गावाची कीर्ती दुष्काळात सुलतानाची धान्यकोठारे रयतेसाठी खुली करणाऱ्या अंमलदाराच्या कथेशी जोडलेली आहे, त्या गावाच्या धान्याला सरकारी सनद मिळायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

माशीला मेजवानी

नवा वाण तयार करण्याच्या खटपटीतला जो भाग मला सर्वांत मनोरंजक वाटला तो असा, की पिकाचा शत्रू दूर ठेवण्याऐवजी येथे त्याला आमंत्रण दिले जाते. खोडमाशी ही घरमाशीहून लहान. ज्वारीचे रोप आठ-पंधरा दिवसांचे असताना ती पानाखाली अंडे घालते, अळी पोंग्यात शिरून तो आतून कुरतडते, आणि मधले पान वाळून जाते. शेतकरी याला पोंगेमर म्हणतो. पेरणी जितकी लांबेल तितकी ही माशी वाढते, म्हणून उत्तरा साधावी असा आग्रह. परंतु संशोधकाला माशी हवी असते. तो मुद्दाम उशिरा पेरतो, मधूनमधून माशीला बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी लावतो, आणि रोपे वर आली की ओळींमध्ये सुक्या मासळीचा ओलसर चुरा टाकतो. त्या वासाने माश्यांची झुंबड उडते. इतक्या हल्ल्यात ज्या ओळी उभ्या राहतात त्यांची पाने बहुधा चकचकीत आणि बारीक लव असलेली असतात. त्यांचेच बी पुढे जाते.

खडखड्या रोगाची परीक्षा याहून क्रूर आहे. दाणा भरण्याच्या वेळी जमिनीतील ओल सरली की एक बुरशी मुळांतून खोडात चढते, ताट आतून पोकळ होते आणि वाऱ्याच्या झोताबरोबर आडवे पडते. रोगाला बळी न पडणारे ताट शोधायचे तर बुरशी वाढविलेली दात-कोरणी एकेका खोडात खुपसावी लागते, आणि नंतर खोड उभे चिरून काळेपणा कुठवर गेला ते मोजावे लागते. दाणा पिकेपर्यंत ज्यांची पाने हिरवी राहतात अशा वाणांत हा रोग कमी आढळतो. तो हिरवेपणा आणि मालदांडीचा दाणा एकाच ताटात आणायचा, म्हणजे सायंकाळी एका कणसातील फुलांचे परागकोश चिमट्याने काढून त्यावर कागदी पिशवी चढवायची, सकाळी दुसऱ्या कणसाचे पराग आणून तिच्यात झाडायचे, आणि मग त्या संततीची पिढीमागून पिढी पाहत बसायचे. पहिल्या संकरापासून प्रसारणापर्यंत दहा-बारा वर्षे सहज जातात. या कामात निवृत्तीपर्यंत एक-दोन वाणच नावावर लागले असे शास्त्रज्ञ पुष्कळ आहेत, आणि त्यांची नावे बियाण्याच्या पिशवीवर छापली जात नाहीत.

कोळपे आणि बांध

वाण ही या संशोधनाची दर्शनी बाजू. पर्यावरणाच्या दृष्टीने त्याहून मोठे काम मातीत झाले आहे. काळी जमीन सुकताना भेगाळते आणि त्या भेगांतून खोलवरची ओल वाफ होऊन निघून जाते. तिला आवर घालण्याचे साधन म्हणजे कोळपे. पीक तीन आठवड्यांचे असताना फटीचे कोळपे, पाच आठवड्यांनी अखंड पासाचे, आणि आठ आठवड्यांनी, भेगा पडू लागल्यावर, दातेरी कोळपे. वरची माती भुसभुशीत होऊन भेगा बुजतात आणि तणही निघते. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे या भागात म्हणतात, आणि गिरमिटाच्या नोंदी त्या म्हणण्याला दुजोराच देतात. बी आणि खत एकाच वेळी, पण वेगवेगळ्या नळ्यांतून सोडणारी दोन चाड्यांची पाभर हीही याच परंपरेतली. फेकून दिलेले खत कोरड्या मातीवर वाया जाते. पाभरीने ते ओलीत पडते.

बांधांच्या बाबतीत मात्र शास्त्राला आपले मत बदलावे लागले. मुंबई सरकारने १९४२ साली जमीन सुधारणेचा कायदा केला आणि समपातळी बांधांची मोहीम सुरू झाली. हलक्या-मध्यम रानांत या बांधांनी चांगले काम दिले. भारी काळ्या रानांत पाणी हळू मुरत असल्यामुळे ते बांधाच्या वरच्या अंगाला तुंबून राही, तेथले पीक पिवळे पडे, उन्हाळ्यात बांधच भेगाळे आणि पुढच्या मोठ्या पावसात त्या भेगांतून फुटून निम्म्या शिवाराची माती ओढ्यात नेई. शेतकरी असे बांध मोडून टाकीत, आणि सरकारी अंमलदार त्याला अडाणीपणा म्हणत. संशोधनाने कौल शेतकऱ्याच्या बाजूने दिला. भारी जमिनीत बांधाला किंचित ढाळ देऊन जादा पाणी गवताच्या चारीत सोडावे, ते शेततळ्यात घ्यावे, आणि दोन बांधांमधल्या रानात पावसाळ्यातच बंदिस्त सऱ्या किंवा छोटे सपाट वाफे करून पाऊस पडेल तेथेच मुरवावा, अशी शिफारस त्यातून पुढे आली.

खतांच्या दीर्घकालीन प्रयोगांतही असेच एक फलित आहे. शिफारशीतील नत्रापैकी निम्मे सुबाभळीच्या पाल्यातून दिले तर रासायनिक खत वाचते, आणि उन्हाने होरपळलेल्या या मातीत सेंद्रिय कर्बही टिकून राहतो. बांधावर सुबाभूळ वा गिरिपुष्प लावायचे आणि छाटून जमिनीत घालायचे, एवढेच काम. पण पाला छाटायला माणूस लागतो आणि युरियाची गोणी आयती मिळते. त्यामुळे ही शिफारस पुस्तिकांत जितकी दिसते तितकी बांधांवर दिसत नाही.

पिशवीपर्यंतची वाट

विद्यापीठात सिद्ध झालेला वाण शेतकऱ्याच्या पाभरीत पडेपर्यंत अनेक दारे ओलांडतो. चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त संशोधन बैठक दरवर्षी भरते, तिला व्यवहारात ॲग्रेस्को म्हणतात. तेथे वाणाची कैफियत मांडली जाते, आकडे उलटसुलट तपासले जातात, आणि शिफारस मिळते किंवा आणखी चाचण्यांचा हुकूम होतो. नंतर पैदासकार बियाणे, त्यापासून पायाभूत, त्यापासून प्रमाणित, अशा पायऱ्यांनी ते वाढवायचे. १९७६ साली स्थापन झालेल्या महाबीजचा या साखळीत मोठा वाटा. ज्वारी बहुतांशी स्वपरागी असल्याने सुधारित वाणाचे बी शेतकरी दोन-तीन वर्षे घरचेच वापरू शकतो, आणि हेक्टरी लागते अवघे दहा किलो. जो माल एकदा विकला की गिऱ्हाईक तीन वर्षे फिरकत नाही, त्याचा व्यापार कोण करणार? विद्यापीठाने हे बी तयार केले नाही तर दुसरे कोणी करणार नाही.

पेरणीच्या तोंडावर विक्री केंद्रासमोर लागलेली रांग मी पाहिली. "वसुधा हाय का?" असे कोणी विचारले की खिडकीतला माणूस पैसे घेण्याआधी "रान किती खोल आहे, दादा?" असे विचारी. काहींना हे नवीन होते. ते गोंधळून हात पसरून खोली दाखवीत. एकाने फटकन सांगितले, "दोन फूट, खाली चुनखडी." त्याला सुचित्राची पिशवी मिळाली.

त्या रांगेवरून आणखी एक गोष्ट ध्यानात आली: तिच्यात तरुण फारसे नव्हते. उजनी धरणाचे पाणी आले तसा भीमेच्या दोन्ही तीरांना ऊस आला, आणि या जिल्ह्यात साखर कारखान्यांची एवढी गर्दी झाली की पाणी पोहोचते तेथे ज्वारीचा विचारही कोणी करीत नाही. उसाचे वाण देणारे पाडेगावचे केंद्र, १९३२ सालचे, हेही याच विद्यापीठाचे आहे आणि त्याच्या कामाचे मोल मोठे आहे. पण उसाच्या नव्या वाणाला कारखाना गावोगाव घेऊन जातो. ज्वारीच्या नव्या वाणाला एक कृषी-सहायक, त्याची मोटारसायकल आणि प्रात्यक्षिकाचा फलक. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, शहरांत ज्वारीच्या बिस्किटांची प्रदर्शने भरली. रानाकडे पाहता त्या उत्साहाचा पेऱ्यावर फारसा परिणाम झालेला मला जाणवला नाही.

उपटणाऱ्यांचा सवाल

ज्वारी कमी होण्याचे कारण विचारले तर शेतकरी भाव सांगत नाहीत, पाऊसही सांगत नाहीत. काढणी सांगतात. रब्बी ज्वारी कापत नाहीत. ताट मुळासकट उपटतात, कारण कडब्याचा बोटभर तुकडाही रानात राहू द्यायचा नसतो. वाळून टणक झालेल्या काळ्या मातीतून एकेक ताट ओढून काढायचे, पेंढ्या बांधायच्या, कणसे खुडायची, ही कामे मुख्यतः बायका करतात आणि त्यांच्या तळहातांना चिरा पडतात. फेब्रुवारीत मी ज्या टोळीला भेटलो तिच्यातल्या एका बाईंनी मला विचारले, "विद्यापीठवाल्यांनी इतकं बी काढलं, पर उपटायचं सोपं हुईल असं काय काढलं का?"

हा सवाल मी शास्त्रज्ञांपुढे ठेवला तेव्हा कळले की तो त्यांच्यापुढे आधीच होता. यंत्राने कापायची तर ताट ताठ उभे पाहिजे, आणि मालदांडी उंच असल्याने वाऱ्यात लोळते. उंची थोडी कमी करून खोड जाड करावे तर कडबा घटतो आणि जाड ताट जनावर चघळून टाकते. संयुक्त काढणी-मळणी यंत्र दाणा काढून देते, पण कडब्याचा चुरा करून रानात फेकते. मध्यम उंचीचे, बारीक आणि तरीही न लोळणारे ताट शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत; त्याबरोबरच ताट आडवे न चिरडता बुडापासून कापून ओळीत टाकणारे यंत्र हवे, आणि त्यासाठी पैदासकार व अवजारांचे अभियंते यांना एकाच रानात उभे राहावे लागेल. प्रक्षेत्रावरच्या एका तुकड्यात अशा काही ओळी मला दाखविण्यात आल्या. शेजारच्या गावातून आलेल्या दोन शेतकऱ्यांनी त्यातले एक ताट मोडून चावून पाहिले, आणि त्यांचे एकमत झाले नाही. एकाच्या मते गोडी बरी होती. दुसरा म्हणाला, "बैल खाईल, म्हस खानार न्हाई." शास्त्रज्ञांनी दोन्ही मते वहीत उतरवून घेतली.